सोफा आधी नाटकाला: आमच्या जत्रोत्सव समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सभासद, जत्रोत्सव समिती, यांस सप्रेम नमस्कार.

अध्यक्ष महाशय, नात्याने तुम्ही माझे मामेभाऊ. भाऊबीजेला तुमच्या कपाळी टिळा मी लावते आणि ओवाळणीचं पाकीट तुमच्यासमोर कधी उघडत नाही, इतका आपला संबंध चांगला आहे. तो तसाच राहावा म्हणून हे पत्र घरी न देता चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे. घरी दिलं असतं तर वहिनींनी चहा टाकला असता आणि विषय त्या चहात विरघळून गेला असता. असे दोन विषय आधीच विरघळले आहेत.

गेल्या सोमवारी पालखीच्या वेळी देवळाच्या फळ्यावर तुमची सूचना वाचली. जत्रोत्सवाच्या दुसऱ्या रात्री होणारं संगीत नाटक यंदा नाही. त्याऐवजी मुंबईच्या कलाकारांचा विनोदी कार्यक्रम, मोठ्या एलईडी पडद्यासह. फाल्गुनरावांनी तिथेच तुम्हाला कारण विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "लोक आतां मोबायलार वेब सिरीज पळयतात. तीन वरां पदां कोण आयकतलो?" फाल्गुनराव काही बोलले नाहीत. त्यांना काय बोलावं ते सुचलं नाही, कारण त्या क्षणी त्यांच्या खिशातल्या फोनवर एक वेब सिरीज अर्धवट थांबवलेली होती.

तेच सांगायला हे पत्र आहे. सगळे वेब सिरीज बघतात, हे खरं. आम्हीही बघतो. तुमच्यापेक्षा जास्त बघतो.

आम्ही म्हणजे कोण, ते समितीतल्या नव्या मुलांसाठी लिहिते. खरी नावं देत नाही, कारण गावात ती कुणी वापरत नाही. गेली बारा वर्षं आम्ही 'सौभद्र' आणि 'संशयकल्लोळ' ही संगीत नाटकं करतो. त्यामुळे पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला मासळीबाजारातही फाल्गुनराव म्हणतात आणि पतसंस्थेतला कॅशियर सगळ्यांचा अश्विनशेठ. पेटीवाले काका भुसारी दुकान चालवतात. तबलजी दिवसा कदंबची, म्हणजे गोवा सरकारची बस चालवतो आणि रात्री ठेका धरतो; दोन्हीकडे ब्रेक जरा उशिरा लावतो. रेवती फर्मागुडीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी कृत्तिका, फाल्गुनरावांची संशयी बायको. दिवसा ग्रामपंचायतीत कारकून. बाराही वर्षं कृत्तिका मीच. त्याबद्दल पुढे बोलते.

आमची तालीम देवळाच्या अग्रशाळेत, रात्री साडेआठला. साडेआठ म्हणजे तबलजीची शेवटची फेरी पणजीहून फोंड्याला पोचली, बस डेपोत लागली आणि तो स्कूटर घेऊन आला की. कधी पावणेनऊ, कधी सव्वानऊ. बाणस्तारीच्या पुलावर गाड्या तुंबल्या तर साडेनऊसुद्धा. हा जो मधला वेळ आहे ना, त्यात आमचं खरं मंडळ भरतं. बांगड्याचा भाव काय झाला, माकडांनी कुणाचे किती नारळ पाडले, पुण्याला नोकरीला गेलेली मुलगी जेवते की नुसतीच मागवते, गुडघ्याला कुठलं तेल. दोन वर्षांपूर्वी परतीच्या पावसात अशाच एका रात्री वीज गेली. रेवतीने मोबाईल काढला, पेटीच्या खोक्याला टेकवून उभा केला आणि म्हणाली, "मावशी, हे बघा. तुमच्याच हापिसाचं आहे."

ती 'पंचायत' नावाची हिंदी वेब सिरीज होती. मी आधी तोंड वाकडं केलं. दिवसभर पंचायत, आता रात्री पण पंचायत? पण शहरात शिकलेला पोरगा दुसरी नोकरी मिळेना म्हणून उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावी वीस हजारांवर सचिव होऊन येतो, पंचायतीच्या कचेरीतच राहतो, आणि सौर दिवे कुठे लावायचे यावर त्याला बैठक घ्यावी लागते, इथवर आलो आणि मी पदर तोंडाला लावला. आपली ऑक्टोबरातली ग्रामसभा आठवली. रविवारची सकाळ, घरी नुस्त्याचं हुमण व्हायचं राहिलेलं, आणि एका पथदिव्यावरून दीड तास! ते इतिवृत्त मीच लिहिलं आहे. त्यात 'सविस्तर चर्चा झाली' असं एकच वाक्य आहे. फुलेऱ्यात कागदोपत्री प्रधान बाई आणि कारभार नवऱ्याचा. आमच्याकडे तसं काही नाही, असं मी कारकून या नात्याने नमूद करते. बाकी वाचक सुज्ञ आहेत. तिथले प्रधानजी सचिवाला घरचे दुधीभोपळे देतात. आमच्याकडे मोसमात कुणीतरी दारात सात शिरांची भेंडी ठेवून जातं आणि मे महिन्यात एखाददुसरा मानकुराद आंबा. मी विचारत नाही कुणी ठेवला. तेही सांगत नाहीत.

वीज आली तेव्हा दुसरा भाग संपत होता. तबलजी भिजून दारात उभा होता आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "हांव आयलां," असं त्याने दोनदा सांगितलं. त्या रात्री तालीम झाली नाही. त्यानंतर मात्र नियम ठरला: तबलजी येईपर्यंत एक भाग, तो आला की बंद, मग नांदी.

आता नाटकवाले सिरीज कशी बघतात ते ऐका. पेटीवाले काकांना कथेशी देणंघेणं नाही. प्रधानजी बोलायच्या आधी जो अर्धा क्षण थांबतात त्यावर त्यांचा जीव. "ही सम बघा, सम," म्हणतात. मग रेवती पडद्यावर दोनदा बोट मारते, चित्र दहा सेकंद मागे जातं आणि तोच चेहरा पुन्हा. काका पुन्हा हसतात. तिसऱ्यांदा मागे न्यायला सांगतात. एकदा अश्विनशेठ वैतागून म्हणाले, "काका, पुढे जाऊ द्या की!" तेव्हा काकांनी जे उत्तर दिलं ते मी जपून ठेवलं आहे. ते म्हणाले, "तू 'कर हा करी धरिला' तीनदा म्हणतोस तेव्हा रेवती हात धरून उभी राहते, ती कधी म्हणते का पुढे जाऊ द्या?" वन्स मोअर म्हणजे दुसरं काय असतं? माणूस आवडलेली जागा मागे नेऊन पुन्हा बघतो. आधी ओरडून मागायचा, आता बोटाने मागतो.

आणि त्या प्रधानजींचं आणखी एक. रेवतीने शोधून काढलं की ते काम करणारे रघुवीर यादव तरुणपणी काही वर्षं पारसी नाटक कंपनीत होते, गाणारे नट. हे कळल्यावर फाल्गुनरावांना जो आनंद झाला तो पेन्शन वाढल्यावरही झाला नव्हता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारसी मंडळींचा संगीत खेळ पाहिला, मराठीत असं का नको म्हणून पेटले, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं, हा किस्सा आपल्याकडे कीर्तनकारसुद्धा सांगतात. म्हणजे फुलेऱ्याचे प्रधानजी आमच्याच चुलत घराण्यातले निघाले. फाल्गुनराव आता त्यांना 'आमचे प्रधान' म्हणतात. वर, याच सिरीजच्या दुसऱ्या सीझनला २०२३ च्या नोव्हेंबरात पुरस्कार मिळाला तो कुठे? आपल्या गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवात. वेब सिरीजसाठी तिथे त्या वर्षी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवला होता. अश्विनशेठांनी पेढे वाटले. पतसंस्थेत लोकांना वाटलं मुलीचं ठरलं.

वादही होतात. सगळ्यात मोठा वाद 'संशयकल्लोळ'मध्ये आज मोबाईल असता तर काय, यावर झाला. ज्यांनी नाटक पाहिलं नाही अशा तुमच्या नव्या सभासदांसाठी सांगते: एका तसबिरीवरून सगळा गोंधळ. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती येते, ती फाल्गुनराव बघतात, आणि मग जो तो ज्याच्या त्याच्यावर संशय घेतो. रेवतीचं म्हणणं, एक फोन केला असता तर पहिल्या अंकात निकाल लागला असता, नाटकच झालं नसतं. तबलजी सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "तुझं लग्न नाही झालं अजून. माझ्या फोनवर रात्री अकराला दोन निळ्या खुणा दिसल्या आणि मी उत्तर दिलं नव्हतं. चार दिवस डबा आला नाही." निर्णय तबलजीच्या बाजूने लागला.

हे सगळं सांगितलं ते यासाठी की वेब सिरीज आम्हाला सवतीसारखी वाटत नाही. संध्याकाळी ती, मग नांदी, अशी आमची दोन वर्षं सुखात गेली आहेत. आणि तीन तास बसायचं म्हणाल तर, अध्यक्ष महाशय, तुमचा चिरंजीव, माझा लाडका भाचा, समितीचा खजिनदार, ज्याने म्हणे बैठकीत हा ठराव मांडला, त्याने याच सिरीजचा एक अख्खा सीझन एका रात्रीत संपवला. आठ भाग, अर्ध्या-पाऊण तासाचा एकेक. दुसऱ्या दिवशी पालखीत अब्दागीर त्याच्या हातात होतं आणि ते दिंडीच्या झेंड्यासारखं एका बाजूला कलत होतं, ते सगळ्या गावाने पाहिलं आहे. जो पोरगा चार-पाच तास हलत नाही त्याला तीन तास जड होतात हे मला पटत नाही. त्याला दुसरं काहीतरी जड झालं असणार. ते काय, ते मला माहीत आहे, कारण गेल्या वर्षी मी वेळा टिपल्या होत्या. कारकुनी सवय.

पत्रिकेवर नाटकाची वेळ रात्री ९.३०. साडेनऊला आम्ही रंगून तयार. दहा वाजून पाच मिनिटांनी निरोप आला की प्रमुख पाहुणे दुसऱ्या एका जत्रेत आहेत. अकराला दहा कमी असताना ते आले. दीपप्रज्वलन झालं, वारा होता, समई तीनदा विझली, तिन्ही वेळा छायाचित्र पुन्हा. मग सत्कार. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, टाळ्या. एकूण १९ सत्कार झाले. त्यातले चार समितीतल्याच लोकांचे आणि एक मंडपवाल्याचा. मंडपवाल्याचा झाला याबद्दल तक्रार नाही, त्याने काम तरी केलं होतं. मग तीन भाषणं. तिन्ही भाषणांत मास्टर दीनानाथ, तिन्ही भाषणांत अभिषेकीबुवा, तिन्ही भाषणांत आपला अंत्रुज महाल, म्हणजे फोंडा तालुका, ही कलावंतांची खाण. मंगेशीच्या त्या दोघांची नावं ऐकून आम्हाला कुठल्याही दिवशी आनंदच होतो. पण त्या खाणीतलेच सात-आठजण तेव्हा पडद्यामागे घामाने ओघळलेला रंग टिपत उभे होते आणि पेटीवाले काकांनी दुसरी चकली संपवली होती. तिसरी घंटा झाली १२ वाजून १० मिनिटांनी.

आता सोफा. आपल्या गावात मखमली सोफा एकच, आणि तो प्रमुख पाहुण्यांसाठी पहिल्या रांगेत ठेवलेला असतो. फाल्गुनरावांच्या घराचा प्रवेश लावायला आम्हाला तोच लागतो. गेली बारा वर्षं पाहुणे भाषण करून निघतात आणि सोफा मागच्या दाराने रंगमंचावर येतो. गेल्या वर्षी पाहुण्यांना नाटक बघायची इच्छा झाली. चांगली गोष्ट. पण ते सोफ्यावरच बसून राहिले. त्यांना उठा कोण म्हणणार? शेवटी फाल्गुनरावांचा दिवाणखाना लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहिला. पाठीवर मंडपवाल्याचं नाव आणि फोन नंबर. मी त्या खुर्चीवर तसबीर छातीशी धरून बसले होते आणि पहिल्या रांगेतली पोरं नंबर मोठ्याने वाचत होती. 'पंचायत'मध्ये सचिव स्वतःच्या पैशाने चाकांची खुर्ची आणतो आणि ती प्रधानांच्या खुर्चीपेक्षा भारी दिसते म्हणून गावात रुसवेफुगवे होतात. तो भाग आम्ही बघितला तेव्हा सगळे हसले, मी नाही हसले. मला ती लाल खुर्ची टोचली.

पुढचं नीट वाचा, कारण तुमच्या ठरावाचा सगळा आधार त्यावर आहे. ऐन पहिल्या अंकात, अश्विनशेठ पदाची सुरावट घेत असताना, पाहुणे निघाले. त्यांना गाडीपर्यंत पोचवायला अध्यक्ष उठले. अध्यक्ष उठले म्हणून चिटणीस, खजिनदार, सभासद, त्यांच्याबरोबर सत्काराच्या शाली घेतलेली बाकी मंडळी आणि त्यांची कुटुंबं. पहिल्या पाच रांगा रिकाम्या! त्यातले निम्मे तिथूनच जत्रेच्या फेरीत खाजं घ्यायला गेले आणि परत आले नाहीत. समितीच्या अहवालात नंतर लिहिलं गेलं, 'संगीत नाटकास प्रेक्षकांचा अल्प प्रतिसाद. पहिल्या अंकातच प्रेक्षक उठून गेले.' अहो, ते प्रेक्षक तुम्हीच होता. मागच्या रांगांतल्या बाया, ज्या चटया घालून साडेआठपासून बसल्या होत्या, त्या पहाटे साडेतीनपर्यंत हलल्या नाहीत. त्यांची संख्या अहवालात नाही. चटईवर बसणाऱ्यांना कुणी मोजत नाही.

आमच्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. गेल्या वर्षी अश्विनशेठांनी एक पद चौदा मिनिटं गायलं. उशीर झालेला असताना, रेवती उभी असताना, चौदा मिनिटं. शेवटी ती खाली बसली आणि प्रेक्षकांना वाटलं कथेतली मूर्च्छा आली. लटकते माइक बरोबर अशा ठिकाणी लटकतात की प्रॉम्प्टरचा आवाज आमच्यापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. आणि भूमिका. मी एक्कावन्न वर्षांची आहे, कृत्तिकेला एक्कावन्न चालतं, पण अश्विनशेठांनी अठ्ठावन्नाव्या वर्षी रेवतीचं मन जिंकणं आणि रेवती एकोणीस वर्षांची, हे बघताना माझ्या शेजारणीने सरळ विचारलं, "हो तिचो बापूय मगे?" नव्या पोरांना आम्ही जागा दिली नाही, हे खरं आहे. पूर्वी निदान अडचण तरी वेगळी होती. माझ्या आजोबांनी याच रंगमंचावर सुभद्रा केली, त्यासाठी मिशी काढली, तर दुसऱ्या दिवशी बाजारात लोक हळूच विचारत होते, वडील कधी गेले? आजी चार दिवस बोलली नाही. आता मिशी काढावी लागत नाही, मुली स्वतःहून येतात, आणि आम्ही त्यांना तसबिरी उचलून ठेवायला सांगतो.

तर यंदा असं ठरवलं आहे: अश्विनशेठांनी भूमिका सोडली. स्वतः सोडली, कुणी सोडवली नाही, एवढं त्यांच्या वतीने लिहिते. नवा अश्विनशेठ रेवतीच्याच कॉलेजातला, माशेलचा मुलगा, आवाज कोवळा आहे पण सूर जागेवर. नाव आम्ही बदलणार नाही. गावात आता दोन अश्विनशेठ राहतील, मोठे आणि धाकटे. मोठे अश्विनशेठ त्याला पदं शिकवतात आणि प्रत्येक पदाला मोबाईलवर सहा मिनिटांचा गजर लावतात. मी कृत्तिका यंदा शेवटची करते. पुढच्या वर्षी प्रॉम्प्टर होईन, माइकपासून लांब बसून.

समितीतल्या एकाने मधला मार्ग सुचवला होता, तोही इथेच निकालात काढू. 'पदं काढा, नुसतं विनोदी नाटक करा, सिरीजसारखं सुटसुटीत.' सूचना वाईट हेतूने केलेली नाही. पण हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे, फक्त उलट्या दिशेने. 'संशयकल्लोळ'कार गोविंद बल्लाळ देवलांनी ही गोष्ट परक्या नाटकावरून घेतली. मूळ फ्रेंच, मोलिएरचं, तिथून इंग्रजीत आर्थर मर्फीकडे, तिथून मराठीत. १८९३ साली ती 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने आली तेव्हा गद्यच होती. सुटसुटीत, विनोदी, एकही पद नसलेली. पुढे तिच्यात पदं घातली गेली आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ती 'संशयकल्लोळ' म्हणून आणली. देवल त्याच वर्षी, प्रयोगाच्या आधीच गेले. आज त्या गद्य घोटाळ्याचं नाव किती जणांना माहीत आहे? आणि पदांचं नाटक माशेलच्या कोवळ्या पोराला पाठ आहे. विनोद तोच, माणसं तीच. पदं काढून आम्ही तुम्हाला १८९३ मध्ये परत नेऊ शकतो, पण एलईडी पडदा तिथे चालणार नाही.

गाणं जड होतं म्हणता तर कधी आमच्याबरोबर मडगावला या. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई सासष्टीतल्या. त्यांच्याबरोबर आम्ही तिघी रवींद्र भवनात तियात्राला, म्हणजे कोंकणी नाटकाला गेलो होतो. तिकीट काढून. दुपारी साडेतीनचा खेळ साडेतीनला सुरू. दोन प्रवेश झाले की पडदा, पडद्यापुढे कांतार, म्हणजे गाणं, कधी सरकारवर, कधी सासूवर, आणि लोक शिट्ट्या मारून पुन्हा मागताहेत. १८९२ साली मुंबईत पहिलं तियात्र झालं, तेव्हापासून ते गातच आहेत. तिथे कुणाचा सत्कार झाला नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते.

आता मागणी. दुसरी रात्र नाटकाला परत द्या. सत्कार पहिल्या दिवशी दुपारी, महाप्रसादानंतर ठेवा. लोक जेवून सुस्त असतात, टाळ्या कमी पडतील पण कुणी उठून जाणार नाही. प्रमुख पाहुणे आले नाहीत तरी साडेनऊला पडदा वर जाईल, असं पत्रिकेवर छापा आणि खरंच वर न्या. आमच्याकडून शब्द: साडेबाराला शेवटचं पद. एक मिनिट वर गेलं तर पुढच्या वर्षी आम्हीच नाव मागे घेऊ. मुंबईच्या कलाकारांना तिसऱ्या रात्री आणा, आमची काही हरकत नाही. आम्ही पहिल्या रांगेत बसू; फाल्गुनरावांना त्यातले दोघे आधीच पाठ आहेत. एलईडी पडद्याचं मात्र पुन्हा बघा. त्याच्या भाड्यात चार कॉलर माइक आणि बायांसाठी नव्या चटया येतील, हिशेब खजिनदाराने करावा. तो हुशार आहे, आणि रात्री जागतोही.

या गुरुवारी तालमीला या. अध्यक्ष, खजिनदार, चिटणीस, सगळे. साडेआठला. तबलजी यायचा असेल, तोवर तुमच्यासोबत एक भाग बघू. चौथ्या सीझनवर आहोत, निवडणूक सुरू झाली आहे आणि आमच्यात दोन पक्ष पडले आहेत. पेटीवाले काका प्रधानबाई मंजूदेवींच्या बाजूने, मोठे अश्विनशेठ फुटले. चहा मी आणते. भाच्याला सांगा, भादव्याचं काम अजून कुणाला दिलेलं नाही. आमचा जुना भादव्या मुलाकडे मस्कतला गेला. भूमिका नोकराची आहे, पण प्रत्येक प्रवेशात हशा हमखास, आणि पद एकही नाही. त्याचा घरातला आवाज मी ऐकला आहे, त्याला जमेल.

आपली बहीण,
कृत्तिका
(फाल्गुनराव, मोठे आणि धाकटे अश्विनशेठ, रेवती, पेटीवाले काका आणि तबलजी यांच्यासह)

ता. क. सोफा दुपारी चारलाच रंगमंचावर नेऊन ठेवणार आहोत. पाहुण्यांसाठी लाल खुर्ची आहे. नंबर छापलेला भाग मी साबणाने घासून पाहिला, जात नाही.